चौथ्या बाकाची गोष्ट

बाईंनी उत्तरपत्रिका खिडकीकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकृतीतल्या हृदयाला जवळजवळ नाक लावून पाहिलं. मग लाल पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवून दिलं.

आकृती सुरेख होती. पानावर डाव्या हाताला जे कप्पे दिसतात ते हृदयाचे उजवे, कारण हृदयाचा मालक आपल्याकडे तोंड करून उभा असतो. बाई हे दर वर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगत आणि दर वर्षी निम्मा वर्ग नावं उलटी लिहून मोकळा होई. या पोरीनंही नावं उलटीच लिहिली होती. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते भिंतीत. साऱ्या शरीराला रक्त पोचवणाऱ्या कप्प्याची भिंत जाड असते, आणि तिनं नेमकी त्याच कप्प्याची भिंत जाड काढली होती. रक्ताचे बाण जिथून यायचे तिथून येत होते, जिथं जायचे तिथंच जात होते. म्हणजे हिला सगळं येत होतं. सगळं येत असताना हिनं अगदी शेवटी, सावकाश, सुवाच्य अक्षरात नावांची अदलाबदल केली होती.

"काडे," बाई पुटपुटल्या, "अगं, हे तर मी करून बसलेय."

काडी म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या लिफ्टमनची मुलगी. खरं नाव हजेरीपुरतं; उंच आणि सडपातळ, म्हणून सगळा वर्ग तिला काडी म्हणायचा आणि बाईंच्या तोंडीही तेच बसलं होतं. पहिला बाक तिनं आजवर सोडला नव्हता. या वेळी मात्र बाकीच्या विषयांचे मार्क पाहता ती थेट सातव्या बाकावर जाऊन आदळणार होती.

या शाळेत बाक मिळतो तो नंबराप्रमाणे. शेवटचा पेपर तपासून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आणि बाकबदल. पहिली दोन मुलं पहिल्या बाकावर, पुढची दोन दुसऱ्या, असं करत करत शेवटच्या दोघांची पाठ भिंतीला टेकेपर्यंत. दप्तरं उचलून पोरं वर्गभर फिरतात, कोणी मान खाली घालतं, कोणी उगाचच मोठ्यानं हसतं. आणि वर्षअखेरच्या परीक्षेनंतर, म्हणजे याच परीक्षेनंतर, पहिले तीन बाक जिना चढून वर जातात. वर म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा वर्ग. तिथं मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतात. तिथून जे बाहेर पडतात त्यांतले बरेचसे डॉक्टर होतात, आणि डॉक्टर झाले की त्यांची नावं फाटकाजवळच्या फळ्यावर रंगवली जातात. खाली राहिलेल्यांचं पुढं काय झालं, हे रंगवायला शाळेनं फळा केलेला नाही.

मुख्याध्यापकांचा त्या फळ्यावर फार जीव. शहरातल्या शाळांच्या क्रमवारीत शाळा यंदा खाली घसरल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. लिफ्टमनच्या मुलीवर आपली सगळी भिस्त आहे, ती वर गेलीच पाहिजे, असं त्यांनी बाईंना जिन्यात गाठून बजावलं होतं. तिचे इतर विषयांचे मार्क कानावर आल्यापासून तर ते हवालदिल झाले होते आणि आज त्यांनी तिच्या वडिलांनाही बोलावून घेतलं होतं.

तेव्हा बाईंना काडीचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्यांना आतून ऊब वाटली, जुनं माणूस अचानक दारात दिसावं तशी. याच इमारतीत, वर्गातला फळा जेव्हा खरोखर काळा होता त्या काळात, त्यांनी हेच हृदय असंच चुकवलं होतं.

ती गोष्ट शाळेत सगळ्यांना पाठ होती. बाकबदलाच्या दिवशी पोरं रडवेली झाली की बाई ती सांगायच्याच, आणि वर्षागणिक ती लोणच्यासारखी मुरत गेली होती.

त्या काळी बाईंना मुंगी म्हणत. अक्षर मुंगीएवढं, म्हणून मुंगी. शेजारी बसायची ती साळुंखी. तिची बडबड सकाळी सुरू व्हायची ती शाळा सुटली तरी आटपत नसे. पहिला आणि दुसरा नंबर दोघींत फिरायचा, पण कोण पहिली नि कोण दुसरी याचं दोघींनाही सोयरसुतक नव्हतं. बाक एक असल्याशी कारण. पट्टी दोघींत एक, खोडरबर दोघींत एक, आणि शिक्षाही बहुतेक वेळा दोघींत एकच. मग साळुंखीची आई अंथरुणाला खिळली. घरचं सगळं उरकून साळुंखी घंटा झाल्यावर धापा टाकत वर्गात शिरायची आणि बसल्या बसल्या झोपायची. पुढच्या बाकबदलाला ती चौथ्या बाकावर गेली. मुंगीच्या शेजारी आला एक नाकासमोर पाहणारा अबोल मुलगा. त्याच्याजवळ बसून काढलेल्या दिवसांत मुंगीला कळून चुकलं, की आपल्याला शाळा आवडत नव्हती, साळुंखी आवडत होती.

तेव्हापासून मुंगी चुकायला लागली. चुकणं सोपं नाही बरं, असं इथं बाई वर्गाकडे पाहून म्हणत आणि वर्ग हसे. कमी चुकलं तर तिसऱ्या बाकावर अडकायचं, जास्त चुकलं तर पाचव्यावर जाऊन पडायचं. वर्गात कोण किती पाण्यात आहे याचा अंदाज लागतो, आणि चूक अशी लागते की कुणालाही ती खरीच वाटावी. मुंगीला ते असं साधलं, की पुढच्याच खेपेला तिचं दप्तर साळुंखीच्या दप्तराला खेटून पडलं.

चौथा बाक खिडकीशी होता. दुपारी त्यावर ऊन यायचं. शाईची बाटली उन्हात धरली की वहीवर निळा कवडसा हलायचा आणि समोरच्या सुताराच्या दुकानातून रंध्याचा आवाज नि ताज्या लाकडाचा वास आत यायचा. मुंगी राहिलेले धडे कुजबुजत साळुंखीला समजावून सांगायची. साळुंखीला झोप अनावर झाली तर तिच्या वहीत तिच्यासारखं अक्षर काढून लिहून ठेवायची. एवढी चांगली जागा बाईंना पुढं आयुष्यात कुठं मिळाली नाही, हे त्या वर्गाला सांगत नसत, पण त्यांच्या आवाजावरून ते कळे.

मग वर जायची परीक्षा आली. साळुंखी काही वर जात नाही, हे मुंगीनं धरून ठेवलं होतं. ती खाली तर आपणही खाली. तिनं हृदयाचं डावं-उजवं केलं. निकालानंतर ठरलेल्या जागी येऊन बसते तर शेजारी भलतंच कोणी, आणि साळुंखी पहिल्या बाकावर. एवढ्या मोठ्या परीक्षेत मुंगी वेडेपणा करणार नाही, ती वर जाणार, असं समजून त्या बाईसाहेबांनी आईच्या उशाशी बसून दिवसरात्र एक केला होता. दोघी एकमेकींकडे निघाल्या आणि जिन्यात चुकामूक झाली. मास्तरांनी मुंगीला पेपर परत देताना हृदयाच्या जाड भिंतीवर बोट ठेवलं, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मास्तरांना मैत्री कळली होती, असं बाई सांगत. साळुंखी वर गेली नि डॉक्टर झाली. मुंगी खाली राहिली आणि याच शाळेत बाई झाली.

इथं वर्गात कोणीतरी हमखास नाक ओढायचं. साळुंखीनं स्वतःचं इस्पितळ काढलं तेव्हा फीत तिनं मुंगीला कापायला लावली होती आणि बड्या बड्या डॉक्टरांसमोर सांगितलं होतं, की मी बसते ती खुर्ची हिनं सोडलेली आहे. बाई त्या दिवशी पोटभर रडल्या होत्या. ते रडणं त्यांच्या सुखाच्या आठवणींत जमा होतं.

गोष्टीत वडील फारसे येत नसत. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. संध्याकाळी मुंगी त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसून औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या कागदी पट्ट्यांना कात्रीनं खाचा पाडायची, एक खाच म्हणजे एक मात्रा. ते काम तिला मनापासून आवडायचं. पडद्याआडून कोणी विव्हळलं की खाच तिरकी जायची, तेवढंच. पडद्याआडच्या खुर्चीत एक दिवस माझी पोर बसेल, असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. एकदा कुणाचं तरी गळू फोडायचं होतं. भावी डॉक्टरीणबाईंना सवय हवी म्हणून डॉक्टरांनी तिला कौतुकानं तबक धरायला बोलावलं. तबक खणखणत जमिनीवर पडलं आणि मुंगीही पडली असती, पण साळुंखी दारात तिची वाट पाहत उभी होती, तिनं धावत येऊन तिला सावरलं नि पायरीवर बसवलं. हिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही, असं साळुंखीनंच वडिलांना ठोकून दिलं. वडिलांना ते पटलं. हे बाईंनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. गोष्ट शाळेची होती, दवाखान्याची नव्हती.

बाईंनी शिपायाला काडीला बोलवायला धाडलं. काडीची जिवलग मैत्रीण गोटी. नावाप्रमाणे गोल आणि नावाप्रमाणे कुठंही घरंगळणारी. गोटी घसरली असणार आणि ही वेडी तिच्यामागे निघाली असणार, हे बाईंच्या मनात इतकं पक्कं होतं, की गठ्ठ्यातला गोटीचा पेपर काढून पाहायचीही त्यांना गरज वाटली नाही.

काडी आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"हे काय आहे?" बाईंनी पेपर तिच्यापुढं सरकवला.

"हृदय, बाई."

"ते दिसतंय. याचं डावं-उजवं कुणी केलं?"

बाईंनी बोट उचलून जाड भिंतीवर ठेवलं आणि ते ठेवताना त्यांना मास्तरांचं बोट आठवलं, खडूनं पांढरं झालेलं. काडीनं बोटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"गोटीसाठी ना?" बाईंचा आवाज आपोआप मऊ झाला.

काडीनं मान हलवली. हो म्हणून, जरा जास्तच पटकन.

बाई मग तिला प्रेमानं समजावायला लागल्या. मैत्री बाकावर नसते, मी आणि साळुंखी बघ, ती वर गेली नि मी खाली राहिले म्हणून काय बिघडलं, अजून दर आठवड्याला तासभर फोनवर बोलतो. तू वर जा, गोटी कुठं पळून जात नाही. असं बोलता बोलता त्यांनी गठ्ठा चाळून गोटीचा पेपर ओढला, हिला दाखवावं म्हणून. तो त्यांनी उलटसुलट पाहिला. बाकीच्या विषयांचे मार्क डोळ्यांसमोर आणले. गोटी ठणठणीत होती. दुसऱ्या बाकावर होती आणि दुसऱ्या बाकावरच राहणार होती.

"गोटी तर जागची हललीसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "मग सातव्या बाकावर तू कुणाशेजारी बसणार होतीस?"

"कुणाशेजारी नाही, बाई."

"म्हणजे?"

"मला वर जायचं नाही."

हे तिनं अगदी साधेपणी सांगितलं. पुढचंही तसंच सांगितलं. भीती वाटते असं नव्हतं, अभ्यास झेपत नाही असंही नव्हतं. सुट्टीत बाबा तिला इस्पितळात नेतात, लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभी करतात आणि प्रत्येक मजल्यावर काय काय असतं ते सांगतात. बाबांचे डोळे तेव्हा चमकतात. तिला मात्र कुठल्याच मजल्यावर उतरावंसं वाटत नाही. चुकायचं कसं ते बाईंच्या गोष्टीतून शिकून घेतलं होतं, आणि पकडलं गेलोच तर गोटीचं नाव सांगायचं, असंही आधीच ठरवलं होतं.

"गोटीचं नाव कशाला?"

"तुमच्या गोष्टीत कुणी कुणाला रागावत नाही," काडी म्हणाली.

बाईंना हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. बाबांना हे सरळ तोंडानं सांगायचं सोडून पेपरात का चुकायचं, असं त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं.

"तुम्ही सांगितलं होतं तुमच्या बाबांना?"

"माझं वेगळं होतं. मला वर जायचं होतं."

काडीच्या कपाळाला बारीक आठी पडली. गणितातली एखादी पायरी न कळल्यावर पडते तशी.

"पण बाई, सहामाहीला परत बसता येतं ना त्या परीक्षेला? तेव्हाही येत होतं, तुम्हीच एकदा म्हणाला होतात. आम्ही पोरी नेहमी बोलतो यावर. साळुंखीमावशी तर वर पोचल्या होत्या. मग सहामाहीला तुम्ही का नाही बसलात?"

बाईंनी नजर समोरच्या भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे वळवली.

सहामाहीला वडिलांनी नवीन पेन आणून दिलं होतं. मुंगीला ताप आला होता. म्हणजे तिनं अंग गरम लागतंय असं सांगितलं होतं, आणि तिच्या कपाळाला हात लावून वडील म्हणाले होते, असू दे, नशिबात नसेल. आणि त्याआधीचा तो निकालाचा दिवस. गोष्टीत मुंगी त्या दिवशी रडत घरी जायची. बाईंनी आता तो रस्ता नीट आठवला. दप्तर झुलवत ती सुताराच्या दुकानाशी थांबली होती, तिथली लाकडाची एक लांबलचक ढलपी उचलून तिनं बांगडीसारखी मनगटावर गुंडाळली होती आणि घर येईपर्यंत गुणगुणत होती. रडली नव्हती. डोळ्यांत पाण्याचा टिपूससुद्धा नव्हता.

"बाई?" काडी म्हणाली. "रागावलात?"

"नाही गं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. काडीचे वडील आले होते, कामावरचाच गणवेश, टोपी काढून हातात धरलेली. मुख्याध्यापकांनी त्यांना आधीच भरपूर घाबरवून ठेवलेलं दिसत होतं. बसा म्हटल्यावर ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि लेकीकडे न पाहता बोलू लागले. घरी हिला कसलंच काम सांगत नाही. अभ्यासाच्या वेळी आवाज होऊ देत नाही. तरी असं कशानं झालं, पेपर कुणी परत तपासून देईल का, असं त्यांनी विचारलं.

"दिवसभर डॉक्टर लोकांना वर नेतो, बाई," ते टोपी फिरवत म्हणाले. "ते आपसांत बोलत असतात. लिफ्टमध्ये मीही उभा आहे हे त्यांच्या ध्यानातही नसतं. माझी काही तक्रार नाही. एकदा हिला पांढरा कोट घालून माझ्या लिफ्टनं वर न्यायची, तेवढंच मनात आहे."

बाईंचे वडीलही असेच मास्तरांसमोर येऊन बसले होते. मास्तर त्यांना एवढंच म्हणाले होते, की मी लिहिलेलंच तपासतो. ते वाक्य आत्ता बाईंच्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की मास्तरांनी मैत्रीची बूज राखली. खरं तर मास्तरांनी मुंगीला सोडवलं होतं, काही न विचारता, आणि तिला स्वतःलाही कळू न देता. तेच वाक्य म्हटलं की काडीही सुटणार होती. बाप कपाळाला हात लावून घरी जाणार होता आणि काडी उद्या सातव्या बाकावर आरामात बसणार होती. पुढं कधीतरी तीही एखादी छान गोष्ट रचणार होती.

"पेपर बरोबर तपासलाय," बाई म्हणाल्या. "आणि तिला सगळं येतं. ती मुद्दाम चुकली आहे."

काडीचा चेहरा पांढराफटक पडला. ती बाईंकडे अशी पाहू लागली, की बाईंना तिच्याकडे पाहवेना.

"तिला वर जायचं नाही. तुम्हाला सांगायचा धीर होत नाही, म्हणून पेपरातून सांगितलंय." बाई थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी कधीच कुणापुढं उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते कसं ऐकू येईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "माझे वडील कंपाउंडर होते. त्यांना मी डॉक्टर व्हायला हवी होते. मला व्हायचं नव्हतं. मीही नाही सांगू शकले."

लिफ्टमननं लेकीकडे वळून पाहिलं.

"खरं?"

काडीनं मान हलवली.

"भीती वाटते का?"

"नाही, बाबा."

"मग काय?"

"नुसतंच नको वाटतं."

लिफ्टमननं टोपीचा काठ बोटांत धरून एक पूर्ण फेरी फिरवली. मग बाईंना त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना पुढं कळलं का?"

"नाही. मैत्रिणीसाठी पोरीनं सोडलं, असंच समजत होते. लोकांना अभिमानानं सांगायचे."

"म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की पोरीला व्हायचं होतं आणि बिचारीचं झालं नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

"ते वाईट," लिफ्टमन म्हणाले आणि उठले. कामावर परत जायचं होतं. संध्याकाळी घरी बोलू, असं त्यांनी काडीला सांगितलं. रागानंही नाही आणि फार मायेनंही नाही. मोठं ओझं एका हातातून दुसऱ्या हातात घेताना माणसाचा आवाज होतो तशा आवाजात. दारापर्यंत गेल्यावर मात्र ते मागं वळून म्हणाले, "लिफ्ट बघायला तरी येशील ना सुट्टीत?" आणि काडी म्हणाली, "येईन की."

दोघं गेल्यावर बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि काडीच्या हृदयातली नावं एकेक करून चूक दिली. जाड भिंतीजवळ लाल शाईचा एक बारीक ठिपका तेवढा पडू दिला. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते उद्याचं उद्या पाहता येणार होतं.

शाळा सुटल्यावर त्या फाटकाजवळच्या फळ्यापाशी थांबल्या. साळुंखीचं नाव वरून तिसऱ्या ओळीत होतं, रंग दोनदा उजळून घेतलेला. सुताराच्या दुकानाच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या पायरीवर टेकून बाईंनी फोन लावला.

"बोल मुंगे," साळुंखीनं सुरुवातच केली. पेशंट आत्ताच संपले, पाय नुसते भरून आलेत, नवा मदतनीस एक शब्द बोलत नाही, अशानं माणूस वेडं होईल. मग श्वास घ्यायला थांबल्यावर म्हणाली, "उद्या बाकबदल ना तुझा? म्हणजे उद्या माझी गोष्ट."

"उद्या नाही सांगणार, साळू."

"का गं?"

"खोटी आहे."

पलीकडे आवाज बंद झाला. फोन तुटला की काय म्हणून बाईंनी कानावरून काढून पाहिला. तुटला नव्हता. साळुंखी गप्प झाली होती.

"अर्धी," मग ती म्हणाली.

"काय?"

"अर्धीच खोटी आहे." तिचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश येत होता. "वरच्या वर्गात बाक नंबरानं नसायचे, कुठंही बसा. पहिल्या दिवशी मी शेजारी दप्तर ठेवलं. कुणाला बसू दिलं नाही. भांडले पण दिलं नाही. सहामाहीला मुंगी येणार आहे, म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सहामाहीला तू परीक्षेलाच बसली नाहीस. मग उचललं."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"अगं, ते तबक पडलं तेव्हा तुला धरलं कुणी होतं?"

रस्त्यावरून शाळेची शेवटची मुलं दप्तरं झुलवत निघाली होती.

"मग एवढी वर्षं सगळ्यांना, त्या फितीच्या वेळीसुद्धा, तसं का सांगत राहिलीस?"

"तुला आवडायची ना ती गोष्ट," साळुंखी म्हणाली. "आणि मी तुझ्यासाठी वर चढले होते, तेवढं तर खरं होतं. ते सांगायला माझ्याकडं दुसरी गोष्ट नव्हती."

बाईंना विचारायचं पुष्कळ होतं, आणि त्यातलं सगळ्यात लहान तेवढं विचारता आलं.

"दप्तर कुठल्या बाजूला ठेवलं होतंस? डाव्या की उजव्या?"

"खिडकीच्या," साळुंखी म्हणाली. "तुला ऊन हवं असायचं ना."